युनिक्स सर्व्हरवर पासवर्ड पॉलिसी आणि युजरचे हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक उत्तरं लिनक्स गृहीत धरून दिलीत, एआयएक्स, सोलारिस, फ्रीबीएसडीवाल्यांसाठी शेवटी वेगळं उत्तर आहे. कमांड आणि फाइलची नावं बोलताना म्हणतो तशी लिहिलीत, स्क्रीनवर अर्थातच इंग्रजी स्पेलिंगच टाकायचं.

लॉगिन डेफ्स फाइलमध्ये पासवर्डची मुदत ९० दिवस केली, पण जुन्या युजरना काहीच फरक पडला नाही. असं का?

कारण ती फाइल फक्त नवीन अकाउंट बनताना वाचली जाते. युजरॲड चालवलं की तिथले आकडे उचलून त्या युजरच्या नावावर शॅडो फाइलमध्ये, म्हणजे पासवर्ड आणि मुदतीच्या नोंदी असतात त्या फाइलमध्ये, लिहिले जातात, आणि त्यानंतर त्या युजरचा लॉगिन डेफ्सशी मुदतीच्या बाबतीत संबंध संपला. आधीपासून असलेल्या प्रत्येक युजरला चेज कमांडने वेगळं सेट करावं लागतं, म्हणजे चेज, डॅश कॅपिटल एम, ९०, आणि पुढे युजरचं नाव. युजर जास्त असतील तर छोटा लूप लिहा, पण लूपमध्ये सर्व्हिस अकाउंट (माणसासाठी नाही, प्रोग्रामसाठी बनवलेलं) घुसू देऊ नका, त्याचं काय होतं ते खाली क्रॉनच्या प्रश्नात आहे.

डिफॉल्टला ही मुदत ९९९९९ दिवस असते, म्हणजे पावणेतीनशे वर्षं, थोडक्यात मुदत नाहीच.

एखाद्या युजरला सध्या नेमकं काय लागू आहे ते कसं बघायचं?

चेज डॅश एल आणि युजरचं नाव. शेवटचा बदल कधी, मुदत कधी संपते, अकाउंट कधी बंद होणार, सगळं वाचता येईल अशा भाषेत दिसतं. हेच शॅडो फाइलमध्ये कोलनने वेगळ्या केलेल्या ९ रकान्यांत असतं: नाव, हॅश (पासवर्डचं परत न उलगडणारं रूप), शेवटच्या बदलाची तारीख, किमान दिवस, कमाल दिवस, किती दिवस आधी वॉर्निंग, मुदत संपल्यावर किती दिवसांची सूट, अकाउंट संपण्याची तारीख, आणि एक राखीव रिकामा. तारखा १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत मोजलेल्या असतात म्हणून थेट फाइल उघडली तर काही बोध होत नाही. शेवटच्या बदलाच्या जागी ० असेल तर पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलावाच लागतो, नवीन माणसाला तात्पुरता पासवर्ड देताना चेज डॅश डी ० करतात ते यासाठीच.

मग दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावायचाच का?

ऑडिटवाले किंवा करार सांगत असेल तर लावा, वाद घालून उपयोग नाही. पण नुसतं सुरक्षेच्या दृष्टीने विचाराल तर माझं मत नको असंच आहे. लोकांना सारखं बदलायला लावलं की ते शेवटचा आकडा एकने वाढवतात, त्यापलीकडे काही करत नाहीत. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच म्हटलं, की ठरावीक काळाने उगाच बदलायला लावू नका, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा, आणि त्याऐवजी लांबीवर आणि फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी ताडून बघण्यावर भर द्या. त्याआधी वर्षानुवर्षं सगळीकडे उलटं शिकवलं जात होतं, त्यामुळे बऱ्याच ऑफिसांच्या चेकलिस्टमध्ये जुनाच नियम अजून चिकटून आहे.

लांबी आणि कॅपिटल, आकडे, चिन्हं वगैरेचे नियम कुठे टाकायचे? लॉगिन डेफ्समध्ये किमान लांबी लिहिली होती, चालली नाही.

नाहीच चालणार. आजच्या लिनक्सवर पासवर्ड बदलण्याचं काम पॅम या लॉगिन आणि पासवर्ड हाताळणाऱ्या मॉड्यूलच्या व्यवस्थेतून होतं आणि लॉगिन डेफ्समधली ती किमान लांबीची ओळ पॅम विचारातच घेत नाही. नियम टाकायची जागा म्हणजे इटीसीखालच्या सिक्युरिटी फोल्डरमधली पीडब्ल्यू-क्वालिटीची कॉन्फ फाइल, आणि पॅमच्या पासवर्ड स्टॅकमध्ये त्या मॉड्यूलची ओळ आहे ना तेही बघायचं. डेबियन आणि उबंटूवर कधीकधी ते पॅकेजच इन्स्टॉल नसतं, लोक कॉन्फ फाइल हाताने बनवून बसतात आणि मग काहीच होत नाही म्हणून डोकं धरतात.

मिनलेन म्हणजे किमान लांबी, डिफॉल्ट ८. मी १४ किंवा त्याच्या पुढे ठेवायला सांगेन. डीक्रेडिट, यूक्रेडिट, एलक्रेडिट, ओक्रेडिट हे अनुक्रमे आकडे, कॅपिटल, स्मॉल आणि इतर चिन्हांसाठी, आणि इथेच हमखास गडबड होते. यांची किंमत उणे १ ठेवली तर अर्थ होतो किमान एक हवंच. पण चुकून अधिक १ ठेवली तर अर्थ होतो की असं अक्षर वापरलं तर लांबीत एका अक्षराची सूट, म्हणजे नियम कडक करायला गेलात आणि सैल करून आलात. मिनक्लास वापरलं तर चारपैकी किती प्रकार हवेत तेवढंच सांगता येतं, ते वाचायलाही सोपं. डिफओके म्हणजे नवीन पासवर्डमधली किती अक्षरं जुन्यात नसावीत.

जुन्या लेखांमध्ये क्रॅकलिबचं पॅम मॉड्यूल दिसेल. ते पॅमच्या १.५.० आवृत्तीत काढून टाकलंय, नवीन सिस्टीमवर ती ओळ कॉपी करू नका.

रूटने कमजोर पासवर्ड टाकला तरी सिस्टीम घेते, बग आहे का?

बग नाही, डिफॉल्टला रूटला, म्हणजे सगळे हक्क असलेल्या युजरला, नुसती वॉर्निंग मिळते आणि पासवर्ड स्वीकारला जातो. रूटलाही नियम लावायचे असतील तर त्याच कॉन्फ फाइलमध्ये एन्फोर्स फॉर रूट चालू करा. रूटने दुसऱ्याचा पासवर्ड सेट केला तरी हीच सूट लागू होते, म्हणून हेल्पडेस्कने दिलेले तात्पुरते पासवर्ड सगळ्यात कमजोर सापडतात.

लोक जुनाच पासवर्ड परत ठेवतात, ते कसं थांबवायचं?

पीडब्ल्यू-हिस्टरी नावाचं पॅम मॉड्यूल, त्यात रिमेंबर म्हणून आकडा द्यायचा. जुने हॅश ओपासडब्ल्यूडी नावाच्या फाइलमध्ये राहतात, तिची परमिशन रूटपुरतीच आहे ना ते तपासा. पण किमान दिवस ० ठेवले असतील तर हुशार माणूस पाच मिनिटांत हवे तितक्या वेळा पासवर्ड बदलून परत मूळच्यावर येतो, म्हणून सोबत चेज डॅश स्मॉल एम १ लावायचं, म्हणजे दिवसातून एकदाच बदलता येईल.

चुकीचा पासवर्ड टाकत राहिलं तर अकाउंट लॉक कसं करायचं?

फेललॉक मॉड्यूल. जुनं टॅली-२ विसरा, तेही १.५.० मध्येच गेलं. सेटिंग सिक्युरिटी फोल्डरमधल्या फेललॉकच्या कॉन्फ फाइलमध्ये: डिनाय म्हणजे किती चुकांनंतर, डिफॉल्ट ३, अनलॉक टाइम ६०० सेकंद, आणि फेल इंटरव्हल ९०० सेकंद म्हणजे एवढ्या वेळातल्या चुका मोजायच्या. हे मॉड्यूल ऑथ स्टॅकमध्ये दोनदा यावं लागतं, एकदा पासवर्ड तपासायच्या आधी आणि एकदा नंतर, ओळींचा क्रम चुकला तर एकतर कुणीच लॉक होत नाही नाहीतर सगळेच होतात. रेड हॅट ८ आणि पुढे हाताने काही करू नका, ऑथसिलेक्टमध्ये विथ-फेललॉक हे फीचर चालू केलं की ते स्वतः सगळं बसवतं.

३ चा आकडा मला फार कडक वाटतो, माणूस कॅप्स लॉक चालू ठेवूनच तीन चुका करतो. ५ ते १० ठेवा आणि थोड्या वेळाने आपोआप उघडू द्या. अनलॉक टाइम ० ठेवलात तर ॲडमिनने सोडवेपर्यंत अकाउंट बंदच, म्हणजे तुमच्यावर राग असलेला कुणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड मारून तुम्हाला बाहेर ठेवू शकतो. रूट डिफॉल्टला यातून वगळलेला असतो, तो तसाच राहू द्या. लॉक सोडवायला फेललॉक कमांडला युजर आणि रिसेट द्यायचं.

आणि हो, एसएसएचची चावी वापरून येणारा माणूस पॅमच्या ऑथ स्टॅकमधून जातच नाही, त्यामुळे फेललॉक झालेलं अकाउंटसुद्धा चावीने आत येतं.

पासवर्ड पॉलिसी लावली आणि रात्रीचे क्रॉन जॉब बंद पडले. संबंध आहे का?

आहे, थेट आहे. क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम, जॉब चालवण्याआधी पॅमकडे अकाउंट चालू आहे का विचारतो, आणि त्या युजरच्या पासवर्डची मुदत संपलेली असेल तर उत्तर नाही असं येतं. बॅकअपसाठी बनवलेल्या अकाउंटवर कुणी कधी हाताने लॉगिन करत नाही, त्यामुळे वॉर्निंग दिसायचा प्रश्नच नाही, जॉब गुपचूप मरतो आणि बॅकअप नाहीये हे कळतं तेव्हा ज्याला हवा असतो तो चिडलेला असतो. लॉगमध्ये ऑथेंटिकेशन टोकन आता वैध नाही अशा अर्थाची ओळ सापडेल. सर्व्हिस अकाउंटला पासवर्डच ठेवू नका, लॉक करा, शेल नो-लॉगिन द्या, आणि कमाल दिवस उणे १ करून मुदत काढून टाका.

हॅश कोणता वापरायचा? शॅडोमध्ये $६$ दिसतंय, ठीक आहे का?

$६$ म्हणजे एसएचए-५१२, चालेल. $वाय$ म्हणजे येसक्रिप्ट, तो जास्त चांगला, कारण तो मेमरीही खातो त्यामुळे ग्राफिक्स कार्डांवर झपाट्याने फोडणं अवघड जातं. डेबियन ११ पासून तोच डिफॉल्ट आहे. $१$ दिसलं तर तो एमडी-५, तो बदला, आणि डॉलरच नसलेला १३ अक्षरांचा हॅश दिसला तर तो जुना डीईएसवाला क्रिप्ट, जो पासवर्डची पहिली ८ अक्षरंच बघतो, बाकी तुम्ही काहीही टाइप करा. तो १९७० च्या दशकातला आहे, रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये त्याबद्दल लिहिलं तेव्हा १२ बिटचं सॉल्ट (हॅश करताना मिसळलेला रँडम आकडा) ही मोठी गोष्ट होती. अल्गोरिदम बदलला तरी जुने हॅश आपोआप बदलत नाहीत, युजरने पासवर्ड बदलला की मगच नवीन हॅश बनतो. सर्वांना बदलायला लावण्याचं हे एक खरोखर वाजवी कारण.

पॅमच्या फाइल एडिट करताना स्वतःच बाहेर अडकलो तर?

म्हणून दुसऱ्या विंडोमध्ये रूटचं सेशन उघडं ठेवायचं, आणि तिसऱ्या विंडोतून नवीन लॉगिन करून बघितल्याशिवाय ते बंद करायचं नाही. फाइलची कॉपीही आधी काढा. तरी अडकलातच तर कन्सोलवर जाऊन ग्रबमधून रेस्क्यू मोडमध्ये बूट करायचं, रूट फाइल सिस्टीम रीड-राइट माउंट करायची आणि कॉपी परत ठेवायची. तिथे पासवर्ड बदलला असेल आणि एसई-लिनक्स (फाइलवरची लेबलं बघून परवानगी देणारी सुरक्षा) चालू असेल तर ऑटो-रिलेबलची रिकामी फाइल बनवायला विसरू नका, नाहीतर शॅडोचं लेबल बिघडून पुन्हा लॉगिन होत नाही आणि माणसाला वाटतं पासवर्डच चुकला.

सगळ्या ॲडमिनना रूटचा पासवर्ड दिला तर काय बिघडतं? सुडोची भानगड कशाला?

पाच जणांना एकच पासवर्ड माहीत असेल तर लॉगमध्ये फक्त रूट दिसतो, कुणी काय केलं ते कळत नाही, आणि एक जण सोडून गेला की सगळ्यांचा पासवर्ड बदलायचा. सुडो म्हणजे रूटच्या हक्काने एखादी कमांड चालवू देणारी कमांड, त्यात प्रत्येक जण स्वतःचा पासवर्ड टाकतो आणि त्याच्या नावाने नोंद होते. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ते पहिल्यांदा लिहिलं. पण सुडो देऊन लोक पहिलं काय करतात तर सुडो एसयू मारून दिवसभर रूट शेलमध्ये बसतात, मग नोंदीत एकच ओळ उरते. ते थांबवता आलं तर बघा.

एसएसएचमधून रूटचं थेट लॉगिन बंदच ठेवा. ओपन-एसएसएच ७.० पासून, म्हणजे २०१५ पासून, डिफॉल्टला रूट पासवर्डने येऊ शकत नाही, चावीने मात्र येतो, तेही नो करा.

सुडोअर्स फाइल लिहिताना कशाची काळजी घ्यायची?

पहिलं, सुडोने कुणाला काय चालवता येईल हे लिहिलेली ही फाइल नेहमी व्हीआय-सुडोनेच उघडा, तो सेव्ह करताना व्याकरण तपासतो. साध्या एडिटरने एक कॉमा चुकला तर सुडोच चालेनासं होऊ शकतं आणि ते दुरुस्त करायला सुडोच लागतं. स्वतःचे नियम सुडोअर्स-डी फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, पण फाइलच्या नावात टिंब असेल तर ती वाचलीच जात नाही, नाव शेवटी डॉट कॉन्फ ठेवून दिवस घालवणारे कमी नाहीत.

दुसरं, एकापेक्षा जास्त नियम जुळले तर शेवटचा जुळणारा नियम लागू होतो. वर बारीकसारीक बंदी घालून खाली ग्रुपला सगळं मोकळं केलं तर वरचं वाया.

तिसरं, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं: सगळं चालेल पण शेल आणि एसयू नाही, अशी उद्गारचिन्ह लावून केलेली बंदी म्हणजे दार उघडं ठेवून खिडकीला कुलूप. माणूस शेलची कॉपी दुसऱ्या नावाने बनवतो आणि चालवतो. २०१९ मध्ये तर सुडोमध्येच एक दोष सापडला होता, रूट सोडून कुठल्याही युजरच्या नावाने चालवू द्या असा नियम असेल तर युजर क्रमांक उणे १ देऊन लोक सरळ रूट होत होते. कायम काय चालेल त्याची यादी द्यायची, पूर्ण पाथसकट, आणि जमलं तर आर्ग्युमेंटसकट.

त्या यादीतही जपून. व्हीआय, लेस, फाइंड, ऑक, टार यांपैकी काहीही सुडोने दिलं तर तुम्ही रूट शेल दिलंय असंच समजा, कारण या सगळ्यांतून दुसरी कमांड चालवता येते. लॉग बघायला लेस दिलं आणि युजरने उद्गारचिन्ह दाबून शेल उघडलं. फाइल एडिट करू द्यायची असेल तर सुडोएडिट द्या, तो एडिटर युजरच्याच हक्काने चालवतो आणि फाइल नंतर कॉपी करून ठेवतो. आर्ग्युमेंटमध्ये तारा (*) टाकणंही धोक्याचं, तो स्पेसलाही जुळतो, म्हणजे एका फाइलऐवजी दोन फाइल किंवा जादा ऑप्शन सहज घुसतात.

नोपासवर्ड, म्हणजे पासवर्ड न विचारता सुडो, फक्त स्क्रिप्टसाठी आणि तेही ठरलेल्या एका कमांडला. ती स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे त्या युजरला लिहिता येत असेल तर सगळं मुसळ केरात.

आणि सुडो अपडेट ठेवा. जानेवारी २०२१ मध्ये उघड झालेला बॅरन समेडिट हा दोष २०११ पासून कोडमध्ये पडून होता, आणि त्यात सुडोअर्समध्ये नाव नसलेला साधा लोकल युजरसुद्धा रूट होऊ शकत होता.

सुडो लावून इको करून फाइलमध्ये लिहितोय तरी परमिशन डिनाइड येतं?

सुडो फक्त इकोला लागतो, मोठ्यापेक्षाचं चिन्ह तुमचं साधं शेल हाताळतं आणि त्याला हक्क नाही. पाइप करून सुडो टी वापरा.

युजरला नवीन ग्रुपमध्ये टाकलं आणि त्याचे बाकीचे ग्रुप गेले!

युजरमॉडला नुसतं डॅश कॅपिटल जी दिलं की जुनी यादी पुसून नवीन बसते. सोबत छोटा ए हवा, म्हणजे जोडा असा अर्थ. स्वतःलाच असं करून सुडो ग्रुपमधून काढून टाकणारे बरेच असतात. नवीन ग्रुप पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो, हेही लक्षात असू द्या.

ग्रुपवरून आठवलं, डॉकर ग्रुप म्हणजे व्यवहारात रूटच. त्या ग्रुपमधला माणूस होस्टची सगळी फाइल सिस्टीम कंटेनरमध्ये माउंट करून शॅडोसुद्धा बदलू शकतो. डिस्क ग्रुपचंही तसंच. डेव्हलपरला सुडो नाकारायचा आणि डॉकर ग्रुप द्यायचा याला काही अर्थ नाही.

सेट-यूआयडी बिट असलेल्या फाइल सापडल्या, काढून टाकू का?

सरसकट नको. हा बिट असला की कमांड कुणीही चालवली तरी ती फाइलच्या मालकाच्या हक्काने चालते. पासवर्ड बदलायची कमांड स्वतःच सेट-यूआयडी आहे, नाहीतर साध्या युजरला शॅडोमध्ये लिहिता आलं नसतं. ही कल्पना डेनिस रिचीची, त्याचं पेटंटही १९७९ मध्ये मिळालं होतं. फाइंडला परमिशन उणे ४००० देऊन यादी काढा, ती कुठेतरी जपून ठेवा, आणि दर महिन्याला नवीन यादीशी ताडून बघा, नवीन नाव आलं तर चौकशी करा. टेंप आणि होम वेगळ्या पार्टिशनवर असतील तर नोसुइड लावून माउंट करा. प्रोग्रामला फक्त १०२४ च्या खालचा पोर्ट हवा असेल तर रूट द्यायची गरज नाही, सेटकॅपने तेवढी एक कॅपेबिलिटी देता येते.

युमास्क किती ठेवावा?

युमास्क म्हणजे नवीन फाइलला कुठले हक्क द्यायचे नाहीत तो आकडा. ०२२ ठेवला तर नवीन फाइल ६४४, सगळ्यांना वाचता येते. ०२७ ठेवला तर ६४०, बाहेरच्यांना काही नाही. जास्त लोक वापरतात त्या सर्व्हरवर ०२७ ठेवा.

माणूस सोडून गेला, पासवर्ड लॉक केला. पुरेसं आहे ना?

नाही. पासडब्ल्यूडी डॅश एलने फक्त हॅशच्या आधी उद्गारचिन्ह लागतं, पासवर्ड चालत नाही पण एसएसएच चावी चालू शकते. अकाउंट संपण्याची तारीखच मागची टाका, युजरमॉडला डॅश ई १, म्हणजे २ जानेवारी १९७०. ० टाकू नका, काही ठिकाणी त्याचा अर्थ मुदतच नाही असा घेतला जातो. मग त्याची चालू सेशन आणि प्रोसेस मारा, क्रॉनटॅब बघा, ऑथराइज्ड कीज फाइल हलवा, आणि दुसऱ्या अकाउंटच्या चाव्यांमध्ये त्याची चावी कुणी टाकून ठेवली आहे का तेही बघा. अकाउंट लगेच डिलीट करू नका, त्याचा यूआयडी (युजर क्रमांक) पुढच्या नवीन माणसाला मिळाला तर जुन्या फाइलही त्याच्याच होतात.

सगळं नीट लागलंय का कसं तपासू?

कॉन्फिग वाचून नाही, करून बघून. एक टेस्ट युजर बनवा, त्याच्याकडून कमजोर पासवर्ड टाकायचा प्रयत्न करा, मुद्दाम चुकीचे लॉगिन मारा, सुडो डॅश एल, कॅपिटल यू आणि त्याचं नाव देऊन त्याला काय काय करता येतं ते बघा. यूआयडी ० असलेलं रूट सोडून दुसरं अकाउंट आहे का ते पासडब्ल्यूडी फाइलच्या तिसऱ्या रकान्यात शोधा, आणि शॅडोचा दुसरा रकाना कुणाचा रिकामा आहे का तेही. युजर एलडॅप किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून येत असतील तर चेजचं त्यांच्यावर काही चालत नाही, मुदतीचे नियम तिकडच्या सर्व्हरवर.

आमच्याकडे लिनक्स नाही, एआयएक्स, सोलारिस आणि फ्रीबीएसडी आहे. काय वेगळं?

एआयएक्सवर बरंचसं एकाच जागी, इटीसी सिक्युरिटीमधल्या युजर फाइलमध्ये. डिफॉल्ट स्टॅन्झा सगळ्यांना लागू, एखाद्याला वेगळं हवं तर सीएच-युजरने. मॅक्सएज तिथे आठवड्यांत असतं, दिवसांत नाही, ९० टाकून मोकळे होऊ नका. जुन्या आवृत्त्यांवर लॉगिन कॉन्फिगमधला पासवर्ड अल्गोरिदमही बदला, नाहीतर जुना क्रिप्ट ८ अक्षरांपुढे बघत नाही आणि तुमची १४ ची लांबी नुसती कागदावर.

सोलारिसवर मुदत आणि लांबी इटीसी डिफॉल्टमधल्या पासडब्ल्यूडी फाइलमध्ये, मुदत तिथेही आठवड्यांत. हॅश आणि लॉकिंग पॉलिसी कॉन्फमध्ये. सोलारिस ११ मध्ये रूट हा डिफॉल्टला रोल आहे, त्याने थेट लॉगिन होत नाही, आधी स्वतःच्या नावाने या आणि मग रोल घ्या. ही रचना मला लिनक्सपेक्षा जास्त आवडते.

फ्रीबीएसडीवर लॉगिन कॉन्फमध्ये क्लास बनवायचे आणि युजरला क्लास द्यायचा. व्हील ग्रुपमध्ये नसलेल्याला एसयू करून रूट होता येत नाही. लॉगिन कॉन्फ बदलल्यावर कॅप-एमकेडीबी चालवायचं, कारण डेटाबेस फाइल बनलेली असेल तर सिस्टीम तीच वाचते, आणि तुम्ही मजकुरात कितीही बदल करा, जुनंच लागू राहतं.